गल्ल्यामागचा माणूस

आमच्या घराण्यात दुकानदारी कुणी केली नाही. आजोबा कलेक्टर कचेरीत कारकून, वडील रेल्वेत कारकून आणि अस्मादिक विमा कचेरीत कारकून. मधल्या काळात हुद्द्याचं नाव इंग्रजीत तेवढं लांबत गेलं. तीन पिढ्या आम्ही काउंटरच्या अलीकडे, हातात पिशवी आणि खिशात यादी घेऊन उभे आहोत. विकण्याचा अनुभव म्हणाल, तर वर्षातून दोनदा रद्दी विकतो. त्यातही वजन रद्दीवाला करतो, भाव रद्दीवाला सांगतो आणि 'एवढी ओली रद्दी कोण घेतो हो?' असं म्हणून वर उपकारही तोच करून जातो.

असा मी १९८५ साली लंडनमध्ये सहा महिने वाणी म्हणून ओळखला गेलो. दुकान माझं नव्हतं, माल माझा नव्हता, गल्ल्यातला एक पेनी माझा नव्हता. कारण एकच, टेलिव्हिजन.

झालं असं, की आमच्या कचेरीनं मला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी तिकडे धाडलं. इकडे दूरदर्शनवर 'हम लोग' ऐन रंगात आलं होतं आणि ते अर्धवट टाकून जावं लागतंय म्हणून घरच्यांना माझ्याविषयी मनापासून वाईट वाटलं. माझ्या जाण्याचं नव्हे, बरं का! पूर्व लंडनमध्ये एका विधवा आजीबाईंच्या घरी मला वरची खोली मिळाली. खोलीत गॅसची शेगडी होती. तिच्या मीटरमध्ये पन्नास पेन्सचं नाणं टाकलं की ऊब मिळायची आणि नाणं संपलं की सिंहगडावरची पहाट सुरू व्हायची. आजीबाई स्वभावानं प्रेमळ. अडचण एकच होती. माझ्या नावाची सुरुवात 'ज्ञ'नं होते आणि आडनावात 'ळ' आहे. त्यांनी दोन दिवस प्रामाणिक प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी 'डिअर' म्हणायला लागल्या आणि आम्ही दोघेही सुटलो.

दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी आजीबाई चहाचा मग घेऊन टीव्हीसमोर बसत. 'ईस्टएंडर्स' ही मालिका बीबीसीवर त्याच वर्षी, १९ फेब्रुवारीला सुरू झाली होती. ज्युलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड या दोघांनी ती रचली होती. असल्या मालिकेला तिकडे 'सोप' म्हणतात, कारण मुळात अमेरिकेत रेडिओवर साबण कंपन्या अशा श्रुतिका चालवत. बीबीसीवर जाहिराती नसतात. म्हणजे ही बिनसाबणाची सोप. लंडनच्या पूर्व भागात वॉलफर्ड नावाचं एक काल्पनिक उपनगर, त्यात अल्बर्ट स्क्वेअर नावाचा चौक आणि चौकात राहणारी माणसं, एवढाच जामानिमा. पहिल्याच भागाच्या सुरुवातीला तिघेजण दार फोडून आत शिरतात, तर एक म्हातारा खुर्चीत मरायला टेकलेला! आपल्याकडे मालिका सुरू करताना नारळ फोडतात, तिकडे दार फोडलं.

चौकात दारूचा गुत्ता होता, कपडे धुण्याचं दुकान होतं, बाजार होता आणि किराणा मालाचं एक दुकान होतं. त्या दुकानात कोट घातलेला एक सावळा तरुण उभा होता. तो पडद्यावर आला, की आजीबाई माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणायच्या,

"हा बघ तुमचा."

पहिल्यांदा मी सौजन्यानं खुलासा केला, की हा गृहस्थ बांगलादेशी आहे, मी मुंबईचा. मुंबईपासून ढाका सुमारे १९०० किलोमीटर. तेवढ्या अंतरात लंडनचा माणूस रोमला पोचून आणखी पुढे जाईल. इटलीतल्या माणसाला मी 'हा बघा तुमचा' म्हटलं, तर चालेल का? आजीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो, पण तो दुकानात किती छान वागतो बघ ना." यावर काय बोलणार?

त्या तरुणाचं नाव सईद जेफरी. हे नाव ऐकून मी दचकलोच. जाफरी म्हटलं, की माझ्यासारख्या चाळकऱ्याला पहिल्यांदा व्हरांड्याची लाकडी जाळी आठवते आणि दुसऱ्यांदा आपले सईद जाफरी! सई परांजप्यांच्या १९८१ सालच्या 'चश्मेबद्दूर'मध्ये पानविडीच्या ठेल्यावर बसून त्या तीन पोरांच्या मागे उधारीसाठी लागणारे लल्लन मियाँ. मी आजीबाईंना उत्साहानं सांगितलं, "हे आमच्याकडचे फार मोठे नट आहेत." त्या म्हणाल्या, "नाही रे, हे काम अँड्र्यू जॉन्सन करतो."

आता बघा घोटाळा. सईद जेफरी नावाच्या माणसाचं काम अँड्र्यू जॉन्सन करत होता. खरे सईद जाफरी त्याच वर्षी चॅनल फोरवर 'तंदूरी नाइट्स' नावाच्या मालिकेत हॉटेलवाल्याचं काम करत होते आणि ती मालिका लिहीत होते जन्मानं पुण्याचे फारुख धोंडी. मधल्यामध्ये एका अक्षराचा फेर करून जाफरीची जेफरी केली, की ब्रिटिश मालिकेला बांगलादेशी वाणी मिळतो. आजीबाईंना हे समजावताना माझा चहा गार झाला. शेवटी त्यांनी त्यातून एवढंच घेतलं, की आमच्याकडचे सगळेजण एकतर सईद असतात किंवा दुकानदार.

सईदची बायको नाइमा. श्रीला घोष ते काम करायच्या, आणि छान करायच्या. नवराबायको एकमेकांच्या नात्यातले, लग्न घरच्यांनी ठरवलेलं आणि दोघांचं पटत नव्हतं. यामुळे माझ्यावर नवीनच आफत आली. "तूसुद्धा बहिणीशीच लग्न केलंस का?" असं आजीबाईंनी एकदा भर नाश्त्याला विचारलं. आमच्याकडे काही घरांत मामाची मुलगी करतात, हे खरं. पण माझ्या मामाला चार मुलगे! हा इतिहास इंग्रजीत सांगता सांगता माझा टोस्ट जळला.

सईदचं काम मी बारकाईनं पाहत असे. 'तुमचा' म्हटल्यावर थोडी जबाबदारी येतेच. दुकानाचं नाव होतं 'फर्स्ट टिल लास्ट'. म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत. शिवाय 'टिल' म्हणजे गल्लासुद्धा. नाव ठेवणाऱ्यानं कोटी चांगली साधली होती. पण सईदच्या वाट्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत गल्लाच फार आला होता. चौकातली माणसं आत येत, दूध मागत आणि दूध हातात येईपर्यंत एकमेकांची लफडी एकमेकांना सांगत. सईद मधे उभा. त्याचं स्वतःचं दुःख चालू असायचं, नाही असं नाही. पण कुणाचं तरी दूध संपायचं, घंटी वाजायची आणि दुःख फडताळात ठेवून त्याला काउंटरवर यावं लागायचं. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की अशी मालिका चालवायची तर माणसांनी कुठंतरी एकत्र यावं लागतं. घरोघरी भांडणं दाखवायला घरं पुरत नाहीत. म्हणून गुत्ता लागतो, धुलाईचं दुकान लागतं आणि वाणी लागतो. दूध संपलं नाही, तर कथानक पुढे सरकत नाही!

आणि गंमत म्हणजे तो सगळा चौक मुळी लंडनमध्ये नव्हताच. डॉल्स्टनमधला फॅसेट स्क्वेअर बघून त्यांनी नमुना घेतला आणि शहराबाहेर एल्स्ट्रीच्या स्टुडिओत घरांचे नुसते दर्शनी भाग उभे केले. पुढून वीट, मागे टेकू.

मागे माजघर असलेलं खरं दुकान आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर होतं. त्याचा मालक सिल्हेटचा. पन्नाशीचा, बुटका, डोक्याला लोकरी टोपी आणि अंगात तपकिरी डगला. मी त्यांना चाचा म्हणत असे. दुकानावर पाटी मात्र आधीच्या इंग्रज मालकाची होती. तो म्हातारपणी दुकान विकून समुद्रकाठी राहायला गेला होता. "पाटी बदलायला पैसा लागता, भाईशाब," चाचा म्हणायचे, "नाम से चीनी मीठा नहीं होता."

आमचं संभाषण हिंदीत चाले. त्यांची हिंदी सिनेमातून शिकलेली आणि माझी मुंबईच्या लोकलमधून. दोन्हींचा खऱ्या हिंदीशी संबंध बेताचाच, म्हणून एकमेकांचं चांगलं समजायचं. त्यांचे वडील जहाजावर भट्टीत कोळसा ओढणारे खलाशी. सिल्हेटकडचे असे कितीतरी लोक आगबोटींवरून लंडनच्या गोदीत उतरले आणि तिथंच राहिले. चाचांनी आधी कोटांच्या कारखान्यात शिलाई केली आणि मग हे दुकान घेतलं. मी त्यांना टीव्हीवरच्या सईदबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांची पहिली तक्रार अशी, की मालिकावाल्यांनी घर चुकवलं. आमचे लोक जास्त करून हॉटेलं चालवतात. इंग्रज ज्याला 'इंडियन' म्हणून जेवायला जातो, तिथं आत बहुतेक सिल्हेटी माणूस फोडणी देत असतो. कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे गुजराती. १९७२ साली इदी अमीननं युगांडातून हाकलल्यावर आलेले पटेल, शाह वगैरे. "गुजराती का दुकान में बांगाली बिठाया," चाचा म्हणाले, "फिर धंधा कैसे चलेगा?"

मी म्हटलं, "चाचा, तुम्हीसुद्धा बांगालीच आणि दुकानातच बसला आहात."

"वोही तो बोलता हूँ. धंधा कहाँ चलता है?"

चाचांच्या दुकानात बसून मला जे ज्ञान मिळालं, ते कचेरीच्या प्रशिक्षणात मिळालं नाही. तिकडे १९५० सालचा दुकान कायदा होता. रविवारी काय विकावं आणि काय विकू नये याची त्यात यादी होती. ताजी भाजी चालेल, पण डब्यातली चालणार नाही. मासिक चालेल, मग त्यात कसलीही चित्रं असोत, पण बायबल चालणार नाही! ख्रिस्ती धर्माच्या पवित्र वारी! चाचा रविवारी मटारच्या डब्यांवर कापड टाकत, जसं आपल्याकडे ग्रहणात पाण्यावर तुळस ठेवतात. त्या वेळी देशाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर, म्हणजे ग्रँथमच्या आल्फ्रेड रॉबर्ट्स नावाच्या वाण्याची मुलगी. पण हा कायदा बदलायला गेल्या, तर १९८६च्या एप्रिलमध्ये त्यांच्याच सभागृहानं २९६ विरुद्ध २८२ मतांनी त्यांना पाडलं. तो बदलायला १९९४ उजाडलं.

आता खरी मजा ऐका. आमच्या गल्लीत 'ईस्टएंडर्स' न पाहणारा माणूस एकच, चाचा. साडेसातला मालिका सुरू व्हायची तेव्हा दुकान उघडंच असायचं. "वो टीव्ही में दुकान चलाता है, इसलिए इधर कोई नहीं आता," असं म्हणत त्या अर्ध्या तासात ते शांतपणे भात-मासा जेवून घ्यायचे. मग बुधवारी आणि शुक्रवारी मी त्यांना आदल्या दिवशीची गोष्ट सांगायची, असा शिरस्ता पडला. कीर्तनकाराला इतका चांगला श्रोता मिळणार नाही. पण त्यांचे प्रश्न भलतेच. गुत्त्याच्या मालकाचं कुणाशी जुळलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "सईद उधार देता है क्या? दूध कितने में देता है? खाना कब खाता है?" मी विचार करायला लागलो. इतके भाग पाहिले, पण त्याला धड जेवताना पाहिल्याचं मला काही आठवेना!

"और रात को दुकान का काच कोई फोड़ता है?"

हे त्यांनी त्याच सुरात विचारलं, म्हणून मला आधी कळलंच नाही. चाचांच्या दुकानाच्या दर्शनी काचेला खालच्या कोपऱ्यात लाकडी फळी ठोकलेली होती. मला वाटे, ती माल टेकवायला असेल. १९७८च्या मे महिन्यात त्याच बाजूला अल्ताब अली नावाच्या एका तरुण शिवणकामगाराचा कामावरून घरी जाताना खून झाला. कारण त्याच्या कातडीचा रंग. त्याच्या शवपेटीमागून हजारो लोक डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. त्यांत चाचाही होते. तिथल्या बागेला पुढे १९९८ साली अल्ताब अलीचं नाव दिलं गेलं. चाचांनी मात्र एवढंच सांगितलं, की त्या दिवशी दुकानदारांनी दुकानं बंद ठेवली होती. "मैं दुकान बोंद किया, वो एक ही दिन," ते म्हणाले आणि बटाटे निवडायला लागले.

एका शुक्रवारी कचेरीला दांडी मारून मी त्यांच्याबरोबर ब्रिक लेनला गेलो होतो. तिथली मशीद १७४३ साली फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट लोकांनी चर्च म्हणून बांधली. १८९८ साली ज्यूंनी तिथं सिनॅगॉग केलं आणि १९७६ साली बांगलादेशींनी मशीद. भिंती त्याच. "देखो, दुकान वोही," चाचा म्हणाले, "हर बार नया मालिक." पाटी न बदलण्यामागचं त्यांचं तत्त्वज्ञान मला त्या दिवशी पटलं.

नाइमा आणि सईदचं बिनसल्याचं मी रंगवून सांगायला लागलो, की मात्र चाचा गप्प होत. पुढे कळलं, की त्यांची बायको आणि दोन मुलं सिल्हेटलाच होती. तिकडे यायच्या परवान्यासाठी नऊ वर्षं खेटे चालले होते. ढाक्याला बोलावणं यायचं, साहेब नवराबायकोला वेगवेगळं विचारायचा, घराला पायऱ्या किती, कोंबड्यांचं खुराडं कुठल्या अंगाला. चाचांनी लंडनला सांगितलं उजव्या अंगाला. बायकोनं ढाक्यात सांगितलं डाव्या. एक घरात तोंड करून सांगत होता, एक घराबाहेर. म्हणून ती त्यांची बायको नव्हे असं ठरलं! हे सांगून चाचा हसले. मीही हसलो. पण ते आधी थांबले आणि माझं हसू तसंच राहिलं.

डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी दुपारी एक वाजता चाचांचा फोन यायचा होता. इथला एक म्हणजे तिथले संध्याकाळचे सात. सिल्हेट गावातल्या एका ओळखीच्या औषधाच्या दुकानात त्यांची बायको येणार होती. फोन वरच्या खोलीत. चाचा म्हणाले, "भाईशाब, आधा घोंटा बैठो." दुकानात थंडी मरणाची, म्हणून त्यांनी आपला तपकिरी डगला माझ्या अंगात आणि लोकरी टोपी माझ्या डोक्यात घातली. आणि तीन पिढ्यांच्या कारकुनीनंतर आमचं घराणं काउंटरच्या पलीकडे गेलं.

पहिली पाच मिनिटं मी घाबरलेला. गिऱ्हाइक आलं आणि विचारलं, 'चाचा कुठायत, तू कोण?' तर काय सांगू? एक म्हातारा आला. तंबाखूच्या फळीकडे बघून बोट दाखवलं, पैसे ठेवले, "टा, लव्ह" म्हणाला आणि गेला. ('लव्ह' हा शब्द त्या भागात बसकंडक्टरपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना सुट्टे पैसे दिल्यासारखा देतात. मनाला लावून घ्यायचं नसतं.) मग एक बाई आल्या, मग दोन पोरं आली. मी चाचा नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नाही! चाचा बुटके, मी ताडमाड. चाचांना दाढी, मी गुळगुळीत. पण डगला तोच, टोपी तीच, रंग जवळपासचा.

आणि मग घंटी वाजली. दारात आमच्या आजीबाई! मला हायसं वाटलं. चार महिने ज्यांच्याबरोबर रोज नाश्ता केला, त्या तरी ओळखतील. मी हसलो. त्यांनी मांजराच्या खाण्याचे दोन डबे काउंटरवर ठेवले, पाच पौंडांची नोट दिली आणि म्हणाल्या, "मीटरसाठी पन्नासची नाणी दे हं, सईद."

चष्मा विसरल्या असतील, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो असतो. पण चष्मा नाकावर होता. त्या नाण्यांकडे बघत होत्या. दुकानात माणूस तागडीकडे बघतो, गल्ल्याकडे बघतो, सुट्ट्या पैशांकडे बघतो. दुकानदाराचा फक्त हात दिसतो. मी आवाज बसल्यासारखा करून "यस, मॅडम" म्हटलं आणि नाणी मोजायला लागलो. आजीबाई बोलतच होत्या.

"माझा तो भाडेकरू जानेवारीत परत जाणार रे. तुमच्याकडचाच आहे. न्हाणीघरात काय भयंकर गातो! पहिल्यांदा वाटलं, पाय घसरून पडलाय. पण हल्ली सकाळी त्याचं गाणं ऐकलं, की घरात कुणीतरी आहे असं वाटतं. आता पुन्हा मी आणि मांजर. त्याला सांगू नकोस हं, उगीच शेफारेल."

माझ्या हातून एक नाणं घरंगळलं. ते उचलायला मी जो वाकलो, तो घंटी वाजेपर्यंत वर आलोच नाही.

थोड्या वेळानं चाचा खाली उतरले. मी विचारलं, "काम झालं?" ते म्हणाले, "अगला साल." मग गल्ला उघडून हिशेब बघितला. तीन पौंड जास्त भरले होते. मी घाबरून गिऱ्हाइकांना कमी सुट्टे दिले असणार. चाचांनी आठवून आठवून माणसं सांगितली, "तंबाखूवाला होगा, वो कभी गिनता नहीं," आणि ते पैसे बाजूला एका कागदात बांधून ठेवले. मला कुणी ओळखलं नव्हतं. चाचांनी मात्र मी न सांगता सगळी गिऱ्हाइकं ओळखली होती.

त्याच महिन्यात मालिकेतल्या सईदचा नाइमाशी काडीमोड झाला आणि तो बांगलादेशात निघून गेला. नाइमा दुकान चालवायला मागे राहिली. दुसऱ्या दिवशी मी ही बातमी चाचांना दिली. ते बराच वेळ कोबीची वरची पानं काढत राहिले. मग म्हणाले,

"उसका बीवी इधर, वो उधर. मेरा बीवी उधर, मैं इधर. भाईशाब, टीव्हीवाला को चिट्ठी लिखो, अदला-बदली कर दे."

चिठ्ठी काही लिहिली नाही. कचेरीत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांना उत्तरं दिली, पण ही कुठल्या नमुन्यात लिहायची ते कळेना.

जानेवारीत निघताना मी चाचांचा निरोप घ्यायला गेलो. डायरी काढली, पत्ता लिहून घेतला आणि नावाच्या रकान्यापाशी पेन अडलं. सहा महिने त्या दुकानात बसून मी जगाला नावं ठेवली होती, की आजीबाई बघा कशा, सगळ्यांना सईद म्हणतात. पण या माणसाचं नाव मी स्वतः एकदाही विचारलं नव्हतं. ते मात्र माझं नाव पहिल्या दिवसापासून बंगाली पद्धतीनं का होईना, 'ग्यान'नं सुरुवात करून, पूर्ण आडनावासकट घेत आले होते. मी ओशाळून विचारलं. त्यांनी सांगितलं आणि शेवटचं अक्षर मी नीट लिहिलं की नाही, तेही वाकून बघितलं.

मी परत आल्यावर 'ईस्टएंडर्स' फारच मोठी झाली. १९८६च्या नाताळच्या रात्री तर तीन कोटींवर माणसं ती बघत बसली होती. चाचा त्या रात्री निवांत जेवले असतील. १९८७ मध्ये नाइमाही मालिकेतून गेली आणि दुकान करीम कुटुंबाकडे आलं. १९९९ साली तर कहर झाला. 'कोरोनेशन स्ट्रीट' नावाच्या दुसऱ्या जुन्या मालिकेतलं कोपऱ्यावरचं दुकान रवी देसाई नावाच्या पात्रानं घेतलं आणि ते काम केलं कुणी, तर खऱ्या सईद जाफरींनी! म्हणजे दिल्लीच्या ठेल्यावरचे लल्लन मियाँ अठरा वर्षांनी मँचेस्टरकडच्या काउंटरमागे पोचले. शिवाय त्या दुकानाच्या आधीच्या मालकाचं नाव आल्फ रॉबर्ट्स! थॅचरबाईंच्या वडिलांचंच नाव, घ्या! २०१५ साली जाफरी गेले. अल्बर्ट स्क्वेअरमध्ये पुढे पनेसर नावाचं शीख कुटुंब आलं. त्यांच्याकडे डॉक्टरकी आली आणि शेवटी चौकातलं मिनिट मार्टही आलं.

चाचांचं पत्र १९८८ साली आलं. मजकूर तीन ओळींचा. बायकामुलं आली. खुराड्याचा प्रश्न साहेबांनी या खेपेला विचारलाच नाही. पाटी बदलली.

हल्ली घरात फोनवर बोट ठेवलं, की दहा मिनिटांत दारात पोरगा पिशवी घेऊन उभा. त्याचं नाव फोनवर आधीच येतं, फोटोसकट. तरी दार उघडून आपण पिशवीकडेच बघतो.

पण सांगायची गोष्ट राहिलीच. लंडनहून परतल्यावर मी पहिल्याच दिवशी आमच्या नाक्यावरच्या वाण्याकडे गेलो. वीस वर्षं मी त्याला 'शेठ' म्हणत होतो. आता चूक सुधारायची, असा निश्चय करून मी काउंटरवर दोन्ही हात टेकले, त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि प्रेमानं विचारलं,

"शेठ, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

शेठनं हातातली पुडी खाली ठेवली. माझ्याकडे संशयानं बघितलं. मग फळीवरून माझी उधारीची वही काढली, पानं चाळली आणि म्हणाला,

"का हो? लंडनला जाऊन आलात म्हणून मागची बाकी कोर्टात नेताय की काय?"